शेपटीने झुगारलेली ताडपत्री

अवजारं बोलत आणि माणसांना ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. शिवदास मिस्त्रींनी सुटे भाग मागवून शेडमध्ये विमान बांधायला घेतलं. रीतीप्रमाणे आधी शेपटी केली, कारण हात बसेपर्यंतच्या चुका लहान भागावर झालेल्या बऱ्या. पण पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची पहिलीच रांग वाकडी गेली. शेपटी कशीबशी पुरी करून वैतागलेल्या मिस्त्रींनी तिच्यावर ताडपत्री टाकली, आणि पाच महिने ते तिकडे फिरकले नाहीत.

ताडपत्री विमानं बांधणाऱ्या हौशी लोकांच्या घरोघर फिरून आलेली. ती म्हणाली, "अशी दहा विमानं झाकली मी. दोनच उडाली. बाकीची शेपटीपुढे गेलीच नाहीत. गप पडून राहा, बाई."

शेपटीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी पहिली रांग वाकडी आहे, पण शेवटची बघ. ओळंब्यात आहे. मिस्त्रींचा तो हात अजून जिवंत आहे. तू झाकलंस म्हणून मी संपले होय?"

दाराखालून वारा आला की शेपटी आपलं सुकाणू, म्हणजे मागची हलती फळी, हलवून ताडपत्रीला ढकलायची, रोज बोटभर. एक दिवस ताडपत्री खाली घसरली.

मिस्त्री शिडी न्यायला आले, तर शेपटी उघडी. त्यांचा अंगठा वाकड्या रांगेवरून फिरत सरळ रांगेवर येऊन थांबला. शिडी राहिली तिथेच. त्यांनी ताडपत्री जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर पंखाचे भाग मांडले.

"तरी दोनच उडाली," खालून ताडपत्री पुटपुटली.

"मग तिसरं मोजायची तयारी ठेव," शेपटी म्हणाली.