सनईवाल्याचा दम

डोंगरापायथ्याच्या एका गावात गोंदाजी नावाचा म्हातारा सनईवाला राहत असे. देवळात पहाटे त्याची सनई वाजली, की गाव जागे होई. वयामुळे त्याचे तोंड कोरडे पडे. म्हणून त्याचा तरुण शिष्य मल्हारी सनईच्या तोंडाची पत्ती आधी स्वतःच्या ओठांत धरून ओली करी आणि मगच सनई गुरूच्या हाती देई.

एका वर्षी मुलखात तापाची साथ आली. पाटलांनी दवंडी पिटवली, "वेशीबाहेर कोणी जाऊ नये. गेलाच, तर परतल्यावर नऊ दिवस माळावरच्या खोपीत राहावे."

शेजारच्या गावी लग्न होते. तिघा सोबत्यांनी मल्हारीला डिवचले, "काय रे, म्हाताऱ्यांसारखा घाबरतोस?"

"मला काय धाड भरलीय!" मल्हारी म्हणाला. चौघे गेले, नाचले, एका ताटात जेवले आणि ओढ्याच्या वाटेने गुपचूप घरी आले.

मल्हारीचा घसा दोन दिवस खवखवला, इतकेच. पत्ती ओली करून देणे चालूच राहिले. पाचव्या दिवशी गोंदाजीने अंथरूण धरले. त्याला श्वास पुरेना.

चावडीवर गाव जमले. वेशीबाहेर एक कासारीण पाल ठोकून बांगड्या विकत असे. "तिनंच साथ आणली! मोडा तिचं पाल!" लोक ओरडले.

मल्हारी गप्प राहिला असता, तर कोणाला काही कळलेही नसते. पण तो उठला. "तिला बोल लावू नका. मी लग्नाला गेलो होतो. माझ्या तोंडातून ताप गोंदाजी अण्णांच्या तोंडात गेला." एवढे बोलून तो खोपीकडे चालू लागला. मान खाली घालून तिघे सोबतीही त्याच्या मागे निघाले. साथ गावात पुढे सरकली नाही.

नऊ दिवसांनी तो गुरूच्या पायांशी बसला. "अण्णा, माझं तर अंगही तापलं नव्हतं हो."

"ताप आपल्या पायांनी चालत नाही, लेकरा," गोंदाजी धापा टाकत म्हणाला. "तुझे पाय तरणे होते. त्यानं तेच धरले."

गोंदाजी जगला. त्याचा दम मात्र परत आला नाही. आता देवळात मल्हारी वाजवतो. पत्ती ओली झाली, की सवयीने त्याचा हात अजूनही शेजारी बसलेल्या गुरूकडे जातो. गोंदाजी ती सनई हलकेच मागे सारतो.

तात्पर्य: तरुणाला जे दुखणे जाणवतही नाही, तेच त्याच्या हातून दुसऱ्याचा श्वास हिरावू शकते. म्हणून साथीच्या दिवसांत आपल्या बळाची घमेंड न धरता इतरांना जपावे. आणि चूक झालीच, तर ती लपवू नये.