अखंड कडं

मिरजेजवळच्या एका अंडी उबवणी केंद्रात चपला बाहेर काढायच्या आणि आत कुजबुजतच बोलायचं, असा रिवाज होता. आत यंत्रांची संथ घरघर, आईच्या पोटाशी असावी तशी ऊब आणि निजलेली चाळीस हजार अंडी. तिथं शिरलं की वायरमन सगुणा चौगुलेला वाटायचं, आपण कुणाच्या तरी स्वप्नातून चाललोय.

त्या स्वप्नात एके दिवशी सल्लागार दिघेसाहेब बूट वाजवत आले. कोणतं यंत्र किती वीज खातं ते मोजायला प्रत्येक केबलभोवती सेन्सरचं कडं बसवायचं होतं. सगुणानं उघडमीट होणारी कडी सुचवली होती.

"उघडणारं कडं एखादा टक्का चुकतं," साहेब म्हणाले. "अखंडच हवं."

"अखंड कडं ओवायचं तर केबलचं टोक सोडवावं लागेल. दोन तास यंत्रं गार. अंडी उद्या फुटायचीत, साहेब."

"ती तुमची अडचण."

केंद्राचे मालक मगदूमअण्णा शेजारीच उभे होते. सगुणानं साहेबांच्या जाड बोटात रुतलेल्या पुष्कराजाच्या अंगठीकडे पाहिलं.

"ही जरा काढून दाखवता?"

साहेबांनी अंगठी ओढली, पिरगाळली. "दहा वर्षांत निघालेली नाही."

"काढायचीच झाली, तर काय कापायचं? बोट की अंगठी?"

"अंगठीच की."

"मीही तेच म्हणतेय. उघडायचं ते कडं, केबल नव्हे."

अण्णांनी सगुणाकडे बघून मान डोलावली आणि साहेबांच्या बुटांकडे बोट दाखवलं. साहेब बूट काढायला दाराबाहेर गेले, तेव्हा कुठल्याशा अंड्यातून हलकेच टकटक ऐकू आली.