ओकी दारे

एका राज्यात रीत अशी होती, की शरदाच्या पुनवेला प्रजा कौल देई. गादीवरचा राजा ज्याला हवा, तो आपल्या दाराला आंब्याची डहाळी बांधी. निम्मी दारे ओकी राहिली, तर राजाने मुकुट उतरवावा.

त्या गादीवर राणी पद्मरेखा होती. तिच्या अमलात शेते पिकली, कणग्या काठोकाठ भरल्या. पण तिने धूम्राक्ष मांत्रिकाला प्रधानपद नाकारले. तेव्हा त्याने प्रजेच्या नजरेतली तृप्ती चोरून डोंगरावरच्या रांजणात कोंडली. मग भरल्या कणगीत डोकावावे, तर तळ दिसे. लोक म्हणत, "राणीने आम्हांला बुडवले."

पुनव उजाडली. एकाही दाराला डहाळी नव्हती. सज्ज्यावर भारद्वाज पक्षी उतरला आणि बोलला, "राणी, प्रजेची तृप्ती कोंडलेला डोंगरावरचा रांजण फोड. पण एकटीने जा."

"दुसरे कोण आहे सोबतीला?" राणी म्हणाली आणि निघाली.

डोंगराला तीन दरवाजे. पहिल्यावर नाग होता. त्याने मुकुट मागितला, तिने दिला. दुसऱ्यावर अग्नी होता. त्याने पादत्राणे मागितली. ती अनवाणी निखारे तुडवत गेली. तिसऱ्यावर शिळा होती.

शिळा म्हणाली, "तुझी वाट पाहणाऱ्या एकाचे नाव सांग."

राणीने आठवून पाहिले. प्रधान मुकुटाची वाट पाहील, दासी हुकमाची.

"कोणी नाही."

शिळा म्हणाली, "खरे बोललीस," आणि बाजूला सरली.

राणीने धोंडा उचलून रांजण फोडला. आतले सोनेरी धुके दरीत उतरले. धूम्राक्षाचा धूर होऊन वाऱ्यावर गेला.

खाली पहिल्याच घरी येसाई नावाची म्हातारी डहाळी बांधत होती.

"राणी हवी तुम्हांला?" पद्मरेखेने विचारले.

"कणगी भरलेली दिसली. मग असू दे तीच."

"कशी आहे ती?"

"कोण जाणे. कधी खाली उतरली नाही. तिच्या बापाला मात्र आम्ही दुष्काळातही डहाळी बांधली. आमच्या चुलीपाशी बसून तो कोंड्याची भाकर खाई." येसाईने खाली पाहिले. "पाय भाजलेत तुझे, बाई. कोण तू?"

राणीने नाव सांगितले. येसाईचा हात डहाळीवरच थांबला.

"मी बसू का चुलीपाशी?" राणीने विचारले.

येसाईने आत जाऊन पाट मांडला.

दिवस कलला तेव्हा राज्यात ओके दार उरले नव्हते. नागाने परत केलेला मुकुट घेऊन प्रधान शोधत आला. राणी जेवत होती. येसाई म्हणाली, "थांबा जरा," आणि प्रधान अंगणात थांबला.