लोंब्याचा पाहुणचार

एका गावात एक सुगरणकाकू राहायच्या. त्यांच्या हाताला अशी चव, की साधं पिठलं केलं तरी वास घेत माणसं गल्लीच्या तोंडाशी रेंगाळायची. पण काकूंचं खरं नाव झालं होतं ते आग्रहामुळे. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर काकू त्या हातावरच पोळी ठेवायच्या. "एवढ्याशाने काय होतंय?" हे वर असायचंच. नको म्हणणारा माणूस लाजतो आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्याकडून जेवून निघालेला पाहुणा गावाची वेस गाठायच्या आत कुठल्यातरी झाडाखाली आडवा झालेला असे.

एकदा दूरदेशीचा एक व्यापारी त्यांच्याकडे मुक्कामाला उतरला. निघताना त्याने आपल्या टोपलीतून एक ससा काढला आणि काकूंच्या पदरात घातला. ससा ओंजळीत मावेल एवढा, भाजलेल्या रव्याच्या रंगाचा. इतर सशांचे कान उभे असतात, याचे मात्र दोन्ही गालांवरून खाली लोंबत होते.

"काकू, याला गवत घाला, पाणी ठेवा आणि अंगणात पळू द्या," व्यापारी म्हणाला. "गोडधोड मात्र देऊ नका."

काकूंना मूलबाळ नव्हतं. त्या इवल्याशा जिवाने पदरात नाक खुपसलं आणि काकूंचा जीव त्याच्यात गुंतला तो गुंतलाच. त्यांनी त्याचं नाव ठेवलं लोंब्या.

व्यापारी वळणाआड गेल्याबरोबर काकू नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंत? म्हणे गवत घाला. माझ्या घरी आलेल्याला मी गवत वाढू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"त्याच्याकडे वाढलाय तो. त्याला ठाऊक असेल," काका म्हणाले. पण स्वयंपाकघराच्या बाबतीत काकांचं त्या घरात कोण ऐकणार?

लोंब्याचा पाहुणचार सुरू झाला. सकाळी शिऱ्याची मूद, दुपारी तूप लावलेली गूळपोळी, संध्याकाळी पेढा. शेजारणीही पदराआड वाट्या घेऊन यायच्या. लोंब्या मिटक्या मारत खायचा. गोड कुणाला नको असतं? कोपऱ्यात टाकलेल्या गवताकडे तो ढुंकून बघत नसे, आणि काकू काकांना म्हणायच्या, "बघा, त्यालाही कळतं चांगलंचुंगलं."

एके सकाळी लोंब्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. डोळे अर्धे मिटलेले, पोट टम्म फुगलेलं, दात करकर वाजत होते. काकूंनी पेढा नाकाशी धरला. त्याने तोंड फिरवलं. काकूंनी पेढा त्या बाजूला नेला. त्याने पुन्हा तोंड फिरवलं. त्याची जागा पाहिली तर तिथे एकही लेंडी नव्हती.

काकूंनी पेढा खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्यांना दिसलं की समोरचा लाजत नाहीये, त्याला खरोखरच नको आहे.

"अहो, मी मारलं हो याला," म्हणून त्या रडायला लागल्या.

"अजून जिवंत आहे तो," काका म्हणाले. "रडणं मागाहून. तो व्यापारी काय सांगून गेला होता?"

काकूंनी डोळे पुसले, विळा उचलला आणि ओढ्याकाठची कोवळी हरळी कापून आणली. निवडून, झटकून लोंब्यापुढे ठेवली. शेजारी पाण्याचं वाडगं ठेवलं. मग जमिनीवर बसून त्या हलक्या हाताने त्याचं पोट चोळत राहिल्या. 'खा रे, एक घास माझ्यासाठी' हे शब्द ओठांवर येत होते, पण काकूंनी ते गिळले.

ससा आजारी असल्याचं गावभर झालं. कुणी मऊ भात घेऊन आलं, कुणी खीर. काकूंनी सगळ्यांना गोड बोलून परत पाठवलं. शेवटी खुद्द पाटलीणबाई आल्या. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्यांच्या हातात चांदीची वाटी होती, आणि वाटीत साजूक तुपातला शिरा.

"आजाऱ्याच्या पोटात काहीतरी जायला हवं," त्या म्हणाल्या. "बोटभर चाटव त्याला. माझा मान राख."

पाटलीणबाई रुसल्या तर गावात आपल्याशी कोण बोलेल, हे काकूंना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"पाटलीणबाई, मान तुमचा आहे, पण पोट त्याचं आहे. नको."

"नको?"

"नको."

पाटलीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही," म्हणत त्या वाटीसकट माघारी फिरल्या. काकू पुन्हा लोंब्याजवळ जाऊन बसल्या.

उन्हं कलली. घरात काही आवाज नव्हता. आणि मग कुरुम, कुरुम ऐकू आलं. गवताची एक काडी हळूहळू लोंब्याच्या तोंडात शिरत होती. मग दुसरी काडी गेली, मग तिसरी. दिवेलागणीला लोंब्या उठला, त्याने अंग ताणलं आणि कोपऱ्यात हरभऱ्याएवढ्या गोल गोल लेंड्या पडल्या.

काकू पदर सावरत गल्लीत धावल्या. "लेंडी झाली! आमच्या लोंब्याला लेंडी झाली!"

बायका धावल्या, पोरांनी ताटल्या बडवल्या, कुणीतरी देवळातला ताशा आणून वाजवायला सुरुवात केली. सशाच्या लेंडीची एवढी मिरवणूक कुठल्याच गावाने पाहिली नसेल. गलका ऐकून पाटलीणबाईही आल्या. त्या तडक आत शिरल्या, कोपऱ्यात वाकून बराच वेळ निरखत राहिल्या.

"म्हणजे माझ्या शिऱ्याने हा गेला असता, आणि खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं," त्या अखेर म्हणाल्या. "बरं केलंस, नाही म्हणालीस ते." आणि मोठ्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी अंगणाचं दार उघडलं. लोंब्या बाहेर पळाला, तुळशीला एक वळसा घालून एकदम हवेत उंच उडाला. लोंबणारे दोन्ही कान क्षणभर उभे राहिले. दारात बसून बघणाऱ्या काकूंना एवढा आनंद कुणाला जेवू घालूनही कधी झाला नव्हता.

तात्पर्य: माया करायची तर आपल्या हाताची हौस बाजूला ठेवून समोरच्याचं पोट बघावं; आणि कुणी नको म्हटलं, तर ते खरं मानावं.