बुडती वाटी, तीन जोड वहाणा

एका राज्यात कुणालाही कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरासाठी ताटकळावं लागत नसे. पाल भिंतीवरून पडत का नाही, लोखंड गंजतं मग सोनं का नाही, असं काही मनात आलं की उठायचं आणि राजवाड्यासमोरच्या चौथऱ्यापाशी जायचं. तिथं पाण्याचं मोठं घंगाळ होतं. त्यात बुडाला भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडत. वाटी भरून बुडायच्या आत उत्तर मिळालंच पाहिजे, असा दंडक होता. राजाचा निवाडासुद्धा तेवढ्याच वेळात व्हायचा. वाटी बुडाली की निवाडा बाद, आणि बाद झालेला निवाडा पुन्हा देता येत नसे. उत्तर देणारीनं 'ठाऊक नाही' म्हटलं, तर तिला एकटीला वेशीबाहेर घालवत, ते कायमचं.

उत्तर देणारीचं नाव अंबुजा. बारा वर्षं ती चौथऱ्यावर बसत होती आणि बारा वर्षांत एकदाही तिच्यासमोर वाटी बुडाली नव्हती. इतकं सगळं एका बाईला कसं ठाऊक, असं तुम्ही म्हणाल. अहो, नव्हतंच ठाऊक! येत असे ते ती सांगे, येत नसे ते ठोकून देई. "दुधावर साय का धरते?" "दूध लाजतं आणि पदर घेतं." लोक माना डोलवत घरी जात. तिची आठ वर्षांची लेक पवळा तेवढी मान डोलवत नसे. "आई, तू करून पाहिलंस?" असं ती विचारी, आणि अंबुजा म्हणे, "जा, खेळ जा."

एके दिवशी सकाळी चौथऱ्यासमोर एक मांत्रिक येऊन उभा राहिला. त्याच्या उघड्या तळहातावर धगधगता निखारा होता आणि तळहात भाजत नव्हता. वाटी पाण्यात सोडली गेली.

"माठातलं पाणी गार का होतं?"

"मातीचा स्वभावच थंड."

"कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं?"

"कांद्याला शेत आठवतं. त्याचं दुःख डोळ्यांना लागतं."

"एकाला जांभई आली की दुसऱ्याला का येते?"

"खोलीतली हवा शिळी होते म्हणून."

"बाई, अकरा वर्षांमागे मी इथंच विचारलं होतं, थंडीत खोली बंद करून शेगडी पेटती ठेवावी का? तुम्ही म्हणालात, विस्तव घर राखतो, दार घट्ट लाव. मी दार घट्ट लावलं आणि रात्रपाळीच्या पहाऱ्याला गेलो. सकाळी माझी बायको उठली नाही. लेकही उठली नाही. आठवतं?"

अंबुजा आठवू लागली. हजारो प्रश्न, हजारो वाट्या. तिला काही केल्या आठवेना, आणि त्याचीच तिला भयंकर लाज वाटली.

"आठवत नाही ना," मांत्रिक म्हणाला. "मग ऐका. मी आता विचारले ते तीन प्रश्न. त्यांची खरी उत्तरं आपल्या हातांनी पडताळून याच चौथऱ्यावर सांगायची. तोवर तुमच्या लेकीचे पाय थांबणार नाहीत. तीन जोड वहाणा झिजेपर्यंत मुदत. तिसरा जोड फाटला की ती चालत चालत माझ्या डोंगरात येईल, आणि डोंगरातून कुणी परतत नाही."

त्यानं निखाऱ्यावर फुंकर घातली. खाली खडे खेळत बसलेली पवळा उठली आणि चालू लागली.

ती चालतच राहिली. गावकुसाला फेरी घालायची, पुरी झाली की दुसरी सुरू करायची. घास चालताना भरवावा लागे, वेणी चालताना घालावी लागे. अंबुजानं तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, तर पाय हवेत चालत राहिले. सगळ्यांत वाईट म्हणजे पोरीला झोप नव्हती. डोळे टक्क उघडे, आणि जांभई म्हणून येत नव्हती. अंबुजा मागून धावे, पुढे होऊन वळून बघे, पुन्हा मागे पडे. तिच्या जिवाला क्षणाचा थारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी माळावरून एक टिटवी त्यांच्यासोबत चालू लागली. ती माणसासारखी बोलत होती.

"ए बाई, मातीचा स्वभाव थंड, तर रिकामा माठ गार का लागत नाही?"

"तुला उत्तर ठाऊक आहे?"

"मला एकही उत्तर येत नाही. मी नुसती विचारते. तुझा ओला हात वाऱ्यात धरून बघितलास कधी?"

अंबुजानं पदर ओला करून हातावर पिळला आणि हात वाऱ्यात धरला. हात गार पडला. ती तशीच धावत ठकू कुंभारणीच्या दारी गेली. पवळाची फेरी तिथूनच जात असे.

"ठकूबाई, दोन सारखे माठ द्या. एकाला बाहेरून लाखेचा लेप द्या."

"अगं बया, लाखेचा माठ कुणी पाण्याला वापरतं होय?" ठकू म्हणाली, पण दिला.

दोन्ही माठ एकाच विहिरीच्या पाण्यानं भरून सावलीत ठेवले. दर फेरीला अंबुजा दोन्हींत बोट बुडवून पुढे धावे. दुपारी साध्या माठाचं अंग ओलसर होतं आणि पाणी गार. लाखेच्या माठाचं अंग कोरडं आणि पाणी कोमट. पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं! बारा वर्षं ज्याचं उत्तर ती देत आली होती, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. इतक्या दुःखातही तिला हसू फुटलं. त्या संध्याकाळी वहाणांचा पहिला जोड फाटला.

कांद्याला चार दिवस लागले. तिनं डोळे मिटून कांदा कापला, तर बोट कापलं, पण डोळे झोंबले नाहीत. नाक उघडंच होतं, म्हणजे वासानं डोळ्यांत पाणी येत नव्हतं. "पाण्याखाली कापलास तर?" टिटवीनं विचारलं. अंबुजानं परातीत पाणी घेऊन कांदा बुडवून कापला. डोळ्यांत टिपूस नाही. म्हणजे कांद्यातून काहीतरी उडतं, हवेतून येतं आणि डोळ्यांना झोंबतं. पाणी त्याला वाटेतच अडवतं. दुसरा जोड फाटला होता.

उरली जांभई. अंबुजा उघड्या माळावर, भणाणत्या वाऱ्यात उभी राहिली. तिथं शिळी हवा कुठून येणार? समोर एका गुराख्यानं आळस देत जांभई दिली आणि अंबुजालाही आली. म्हणजे तिचं उत्तर खोटंच होतं. खरं काय मग? भूक? तिनं जेवून पाहिलं, उपाशी राहून पाहिलं. डोळे झाकून नुसता जांभईचा आवाज ऐकला, तरी जांभई आलीच. वैद्याला विचारलं, तो चार श्लोक म्हणाला आणि स्वतःच जांभई देऊन मोकळा झाला. टिटवी विचारत राहिली, अंबुजा करून पाहत राहिली, आणि हाती काही लागेना. तिसऱ्या जोडाचे अंगठे तुटले. पवळाची फेरी आता गावकूस सोडून डोंगराकडे झुकू लागली होती.

"आई," पवळा म्हणाली, "मला थांबायचंय गं."

अंबुजानं तिला उचललं, आणि ते चालणारे पाय पोटावर आपटून घेत ती चौथऱ्याकडे पळत सुटली.

राजा मणिसेन आसनावर होता. गाव जमलं होतं. निखारा घेऊन मांत्रिकही उभा होता. वाटी सोडली गेली. अंबुजानं माठाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं. निखारा दोनदा मंदावला.

"आणि जांभई?"

वाटीत पाणी चढत होतं. ठोकून द्यायला दहा उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती, एकाहून एक गोड. खरं बोलावं, तर लेक सुटेल की नाही कुणास ठाऊक, आणि सुटली तरी आई वेशीबाहेर. पवळाची फाटकी वहाण गळून खाली पडली.

"ठाऊक नाही," अंबुजा म्हणाली. "मी पडताळून पाहिलं. माझं पहिलं उत्तर खोटं होतं. खरं मला ठाऊक नाही."

मांत्रिकाच्या हातावरचा निखारा विझला.

"त्या दिवशी एवढंच म्हणाला असतात," तो म्हणाला, "तर मी दार उघडं ठेवलं असतं."

पवळाला ठकूच्या हाती देऊन अंबुजानं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं राख चौथऱ्याच्या कडेला ठेवली, डोळे पुसले आणि तो निघून गेला.

पवळाचे पाय थांबले. आधी तिनं ते हलवून पाहिले. मग ठकूच्या हातांतून उतरून मटकन खाली बसली.

पण दंडक तो दंडक. राजा जड मनानं उठला. निवाड्यासाठी वाटी पुन्हा सोडली गेली.

"अंबुजाबाई, 'ठाऊक नाही' म्हटल्याबद्दल आजपासून तुम्हाला—"

तेवढ्यात पवळानं जांभई दिली. किती दिवसांची साठलेली ती जांभई! ठकू कुंभारणीला आली. भालदाराला आली, चोपदाराला आली. प्रधानानं तोंडावर उपरणं धरलं, पण उपरण्याआडून आलीच. आणि राजा मणिसेनानं पुढचा शब्द काढायला तोंड उघडलं, तर त्यातून शब्दाऐवजी एक लांबलचक राजेशाही जांभई बाहेर पडली. ती काही संपेना. वाटी बुडाली.

"महाराज," प्रधान म्हणाला, "निवाडा बाद."

"बाद," राजा डोळ्यांतलं पाणी टिपत म्हणाला, आणि त्याला मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाटीच्या भोकात लाख भरायला लावली. अंबुजा चौथऱ्यावर बसते ती आजही. वाटी घंगाळात नुसती तरंगत असते. 'ठाऊक नाही, चल बघू' असं तिनं म्हटलं की लोक माठ, कांदे, दिवे, जे लागेल ते घेऊन येतात. शेगडीबद्दल मात्र ती कुणी विचारायची वाट पाहत नाही. थंडी पडली की घरोघर जाऊन दारं उघडी ठेवायला सांगते.

आणि पवळा त्या दिवशी आईच्या मांडीवर झोपली ती तिसऱ्या दिवशी उठली. हे ऐकता ऐकता तुम्हालाही जांभई आली असेल, तर का आली ते मला विचारू नका. मलाही ठाऊक नाही.