दाण्यातलं पाणी

"म्हणजे मी असाच रिकामा परत जाऊ?"

ऋतुराजचा आवाज चढला होता. करीमशहा फकीर खड्डा खणत होते. माणदेशातला तो माळ; वर मुरूम, खाली मुरूम. त्यांनी मानही वर केली नाही.

शेतकी कॉलेजची पदवी घेऊन पोरगा होळीनंतर त्यांच्या झोपडीवर आला होता. उघड्या टेकडीवर सीताफळं उभी करणाऱ्या या माणसाचं मन इतकं निवांत कसं राहतं, ते त्याला शिकायचं होतं. फकीरबाबांनी त्याच्या हातात कळशी दिली. बस्स, तेवढंच.

"रागावलास."

"रागावू नको तर काय करू? रोज विचारतो, आणि रोज तुम्ही म्हणता, रोपांना पाणी घाल."

"घातलंस, म्हणून जगली."

"ती माझ्या दाण्यांनी जगली, बाबा."

ते खरंच होतं. मिठाच्या खड्यांसारखे ते हायड्रोजेलचे दाणे त्यानेच आणले होते आणि रोपांच्या पिशव्यांत चिमूट चिमूट मिसळले होते. पाणी मिळालं की ते शिजलेल्या साबुदाण्यासारखे फुगायचे आणि ओल धरून ठेवायचे. बिनदाण्याची रोपं कधीच वाळली होती. ही मात्र ऐन चैत्रात हिरवीगार.

"तुझ्याच दाण्यांनी," बाबा लगेच म्हणाले. "मी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवतो. माळाला पाणी सांभाळायला शिकवलंस तू."

ऋतुराज जरा सुखावला. पण उत्तर मिळालंच नव्हतं.

खड्ड्यांत घालायचे भिजवलेले दाणे बादलीत होते. बाबांनी ओंजळभर काढून त्याच्या हातावर ठेवले.

"यात पाणीच ना?"

"जवळजवळ सगळं पाणीच."

"मग थोडं काढून दे. घसा कोरडा पडलाय."

ऋतुराज हसला. "असं निघत नाही ते."

"जोर लाव की. पैलवानाचा नातू ना तू?"

त्याने मूठ आवळली. दाणे बोटांमधून सटकले. मग दोन्ही हातांनी पिळले, दात-ओठ खाऊन. हाताला नुसता चिकट लगदा लागला. खाली धरलेली बाबांची ओंजळ कोरडीच राहिली...

"कंजूष आहेत लेकाचे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी एक रोप उचललं आणि पिशवी कडेने अलगद फाडली. माती बोटांनी हलकेच झटकली.

आत केसाहून बारीक, पांढरी मुळं होती. ती दाण्यांतून आरपार गेली होती, गजऱ्याच्या दोऱ्यासारखी. एकही दाणा फुटला नव्हता.

ऋतुराज उकिडवा बसला. पुस्तकातलं चित्र त्याने कितीदा पाहिलं होतं. हे असं, तळहातावर, कधीच नाही.

"मग या मुळीला कसं दिलं रे त्यांनी पाणी?"

"ती आत शिरून राहते..." तो सांगायला गेला, आणि थांबला.

बाबांनी रोप खड्ड्यात ठेवलं. माती लोटली. भोवती गोल आळं केलं.

"बाबा..." आता त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मी राहू का इथे?"

करीमशहांनी त्याच्या बरबटलेल्या हातांकडे पाहिलं आणि कळशी उचलली.

"हात धू," ते म्हणाले. "आळ्यात धू."