मत्सरी आचार्यांची साक्ष

वेणापूरच्या टेकडीवर एक जुनं विद्यापीठ होतं. तिथे विश्वंभर नावाचे एक आचार्य शिलालेख वाचायला शिकवत. विद्वान होते, कष्टाळू होते. पण मनाला एक कीड लागली होती. तीच विद्या शिकवणारे आचार्य गुणाकर त्यांना डोळ्यांसमोर नको असत.

कारण साधं होतं. गुणाकरांच्या ओसरीवर विद्यार्थ्यांना बसायला जागा पुरत नसे आणि विश्वंभरांच्या ओसरीवर चटया रिकाम्या पडत. दूरदेशीचे पाहुणे आले, की विचारत, "गुणाकर कुठे राहतात हो?" आणि नेमकं विश्वंभरांनाच विचारत! त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. गुणाकरांनी काही नवं लिहिलं, की ते गुपचूप त्याची नक्कल मिळवायचे आणि दार लावून अक्षर न् अक्षर तपासायचे. एखादी चूक सापडेल, ती विद्वानांच्या भर सभेत दाखवू, या आशेवर बारा वर्षं गेली.

एका उन्हाळ्यात राजाने ठरवलं, की मोठ्या तळ्याचं पाणी कालवा काढून आपल्या नव्या बागेत न्यायचं. सात गावांची शेती त्या तळ्यावर होती. गावकरी दरबारात रडत गेले. राजा म्हणाला, "तळं माझ्या पणजोबांनी बांधलं. पाणी माझं."

त्याच सुमारास गुणाकरांनी तळ्याच्या बांधावरचा झिजलेला शिलालेख वाचून काढला. त्यात लिहिलं होतं, की हे तळं सात गावांनी स्वतः खोदलं, पाणी त्यांचं आहे, कोणा राजाने ते वळवू नये. गुणाकरांनी विद्यार्थ्यांना ते जसंच्या तसं शिकवलं.

राजा खवळला. त्याने विद्यापीठाच्या कुलगुरूंना निरोप धाडला, "हे वाचन खोटं आहे, असं जाहीर करा."

वृद्ध कुलगुरूंनी उलट निरोप दिला, "आमच्याकडे वाचन हुकुमाने खोटं ठरत नाही. जाणकाराने चूक दाखवली, तरच ठरतं."

"मग जाणकार शोधा," राजा प्रधानाला म्हणाला.

प्रधानाला फार शोधावं लागलं नाही. तो थेट विश्वंभरांच्या घरी गेला. "आचार्य, परवा दरबारात गुणाकरांची चूक दाखवा. त्यांना आम्ही सीमेपार धाडू. त्यांचं आसन तुमचं आणि शिष्यही तुमचे."

विश्वंभरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गुणाकरांची ओस पडलेली ओसरी त्यांना आत्ताच दिसू लागली. पण चूक दाखवायची तर ती सापडायला हवी. दुसऱ्या दिवशी ते तळ्यावर गेले. दगड धुतला, अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर कोळशाची पूड चोळली आणि भर उन्हात वाचत बसले.

चूक सापडेना. उलट, पार पुसट झालेल्या दोन ओळी गुणाकरांनी अशा अचूक लावल्या होत्या, की विश्वंभरांचा जळफळाट झाला. "हे मला का नाही सुचलं?" ते पुटपुटले आणि एकदम थबकले. वाचन खोटं असतं, तर आपल्याला त्याचा हेवा वाटला असता का?

दरबार भरला. गुणाकर मान खाली घालून उभे होते, शेजारी वृद्ध कुलगुरू होते. मागे सात गावांची माणसं दाटीवाटीने बसली होती.

राजा म्हणाला, "बोला आचार्य. चूक काय ती सांगा."

विश्वंभर म्हणाले, "महाराज, हे गृहस्थ मला आवडत नाहीत. बारा वर्षं मी यांच्या चुका शोधतोय. माझ्याइतक्या बारीक नजरेने यांना कोणी वाचलं नसेल. कालचा अख्खा दिवस मी त्या दगडापाशी होतो. एक काना चुकलेला नाही, की एक मात्रा. चूक असती, तर मी तुमच्या हुकुमासाठी थांबलो नसतो!"

वैऱ्यानेच दिलेली साक्ष खोडायची कशी, ते प्रधानाला सुचेना. राजा ओरडला, "आजपासून विद्यापीठाचं धान्य बंद!"

"बंद करा," कुलगुरू शांतपणे म्हणाले. "आम्ही अर्धपोटी शिकवू, पण खोटं शिकवणार नाही."

आणि खरोखरच आचार्य नि विद्यार्थी कितीतरी महिने एक वेळ जेवून राहिले. पण विश्वंभरांची साक्ष तोवर घरोघरी पोचली होती. कालवा खणायला एकही मजूर येईना. अखेर राजाने कालव्याचा नाद सोडला.

गुणाकर आभार मानायला आले, तेव्हा विश्वंभर तोंड फिरवून म्हणाले, "आभार नकोत. तुमचा हेवा मला अजून वाटतो. चूक सापडली, की भर सभेत दाखवीन."

"जरूर दाखवा," गुणाकर म्हणाले, "पण सभेतच."

तात्पर्य: विद्वानांनी एकमेकांच्या चुका खुशाल काढाव्यात, पण मत्सराच्या भरात खऱ्या-खोट्याचा निवाडा सत्तेच्या हाती देऊ नये.